गंभीर संसर्गाचा संशय असताना तपासणी: लॅबची तयारी कशी असते आणि तुम्ही काय सांगायला हवे?

घरातल्या माणसाला ताप येतो, दोन-तीन दिवसांत तो वाढतो आणि रुग्णालयात दाखल करावे लागते. रक्त घेतले जाते, कधी घशाचा स्वॅब, कधी बेडका. नातेवाइकांच्या मनात मग एकच प्रश्न असतो: रिपोर्ट कधी येणार? त्या नमुन्याचे पुढे काय होते, तो कोण उघडतो आणि उघडताना त्या माणसाला किती धोका असतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

लॅब टेक्निशियनला रुग्ण दिसत नाही. त्याच्या हातात एक नळी असते आणि सोबत एक फॉर्म. नळीत साधा मलेरिया आहे, क्षयरोग आहे की त्याहून घातक काही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. फॉर्मवर लिहिलेल्या दोन ओळी वाचूनच तो ठरवतो की ही नळी नेहमीच्या टेबलावर उघडायची की बंद कॅबिनेटमध्ये. त्या दोन ओळी डॉक्टर लिहितात, पण त्यातली माहिती तुमच्याकडून आलेली असते. म्हणून लॅबच्या सुरक्षिततेची सुरुवात रुग्णाच्या खाटेजवळ होते. या लेखात ही साखळी समजून घेऊ.

कोणत्या आजारांना घातक संसर्ग म्हणतात?

प्रत्येक संसर्गजन्य आजार सारखा धोकादायक नसतो. धोका ठरवताना मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: आजार एकाकडून दुसऱ्याला किती सहज होतो, झाल्यास किती गंभीर असतो आणि त्यावर औषध किंवा लस आहे का.

डेंग्यू अंगावर काढला तर जीवघेणा ठरू शकतो, पण तो डासामुळे होतो; रुग्णाशेजारी बसल्याने होत नाही. फुप्फुसाचा क्षयरोग हवेतून पसरतो, मात्र त्यावर खात्रीची औषधे आहेत. औषधांना दाद न देणारा क्षयरोग त्यापेक्षा अवघड असतो. निपाह आणि क्रायमियन काँगो रक्तस्रावी ताप हे विषाणूजन्य आजार क्वचित दिसतात, पण त्यांत मृत्यूचे प्रमाण मोठे असते आणि रुग्णाच्या रक्तातून किंवा शरीरातील इतर द्रवांतून सेवा करणाऱ्यालाही लागण होऊ शकते.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात रोज भेटणारा हवेतून पसरणारा गंभीर आजार म्हणजे क्षयरोग. क्वचित येणाऱ्या आजारांसाठीची तयारीसुद्धा रोजच्या चांगल्या सवयींवरच उभी असते. बेडक्याचा डबा नीट बंद करण्याची शिस्त जिथे आहे, तिथे उद्या नवा विषाणू आला तरी गोंधळ कमी होतो.

लॅबमध्ये धोका नेमका कुठे असतो?

बंद नळीतून आजार बाहेर येत नाही. धोका असतो तो नळी उघडताना, सांडताना आणि फुटताना.

१. सुई टोचणे. रक्त घेताना किंवा वापरलेली सुई टाकताना ती बोटात गेली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते.

२. सूक्ष्म तुषार. नळी जोरात हलवली, झाकण झटक्यात उघडले किंवा सेंट्रीफ्यूज म्हणजे नमुना गरगर फिरवणाऱ्या यंत्रात नळी फुटली, तर डोळ्यांना न दिसणारे थेंब हवेत जातात. ते श्वासावाटे आत जाऊ शकतात.

३. गळती. झाकण सैल राहिले, डबा बाहेरून माखला किंवा फॉर्मवरच रक्त लागले, तर तो हाताळणाऱ्या प्रत्येकाला धोका असतो. यात वॉर्डबॉय आणि वाहनचालकही आले.

हा धोका जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनीही अनुभवला आहे. देवीचा रोग जगातून संपत आला असताना १९७८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे, देवीच्या विषाणूवर काम चालणाऱ्या इमारतीतच काम करणाऱ्या एका महिलेला लागण होऊन तिचा मृत्यू झाला. २००३ मधील सार्सची साथ ओसरल्यावर सिंगापूर, तैवान आणि बीजिंग येथे प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना लागण झाली. आपल्याकडे कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेल्या माकडतापाच्या विषाणूवर पुण्यात संशोधन सुरू झाले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनाही लागण झाली होती. अशा अनुभवांतूनच आजचे नियम तयार झाले आहेत.

लॅबच्या चार पातळ्या

कोणता जंतू कुठे हाताळायचा, यासाठी जगभर चार पातळ्या मानल्या जातात. त्यांना बायोसेफ्टी लेव्हल किंवा बीएसएल म्हणतात.

पहिली पातळी: निरोगी माणसाला सहसा आजार न करणारे जंतू. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असे काम चालते.

दुसरी पातळी: रुग्णालयातील बहुतेक तपासण्या इथे होतात. हातमोजे, एप्रन, आत जाण्यावर मर्यादा आणि हवेत तुषार उडू शकतील अशा कामासाठी बायोसेफ्टी कॅबिनेट. हे काचेचे दार असलेले मोठे कपाट असते. त्यातली हवा अशी फिरवली जाते की नमुन्यावरची हवा काम करणाऱ्याच्या तोंडाकडे येत नाही. बाहेर पडणारी हवा हेपा फिल्टरमधून जाते. हा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. करोनाची आरटीपीसीआर तपासणी याच पातळीवर, अशा कॅबिनेटच्या मदतीने झाली.

तिसरी पातळी: क्षयरोगाचे जंतू वाढवून त्यांवर औषधे तपासायची असतील तर ही सोय लागते. खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. त्यामुळे दार उघडले तरी हवा आत जाते, आतली बाहेर येत नाही.

चौथी पातळी: निपाहसारख्या विषाणूंवर थेट काम करण्यासाठी. पुण्यातील राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या पाषाण येथील आवारात अशी प्रयोगशाळा डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. ती देशातली अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा. ही संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली. विदर्भात मेंदूज्वराचे कारण ठरलेला चांदीपुरा विषाणूही याच संस्थेने १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील रुग्णांच्या नमुन्यांतून शोधला होता.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. जिल्ह्याच्या लॅबने प्रत्येक आजाराची तपासणी करावी, अशी अपेक्षाच नसते. तिने संशय ओळखावा, नमुना सुरक्षित घ्यावा, जेवढे तिथे करणे योग्य तेवढे करावे आणि बाकीचा नमुना योग्य ठिकाणी पाठवावा. "इथे का होत नाही, पुण्याला का पाठवता?" असे विचारण्याआधी हे आठवा. कधी कधी नमुना न उघडता पाठवणे हीच सर्वात जबाबदार गोष्ट असते.

हिंगोलीतून नमुना कुठे जातो?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ तालुक्यांतील सरकारी रुग्णालयांत रक्त, लघवी, मलेरिया, बेडका अशा रोजच्या तपासण्या होतात. त्यापुढच्या तपासणीसाठी रुग्ण किंवा नमुना हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात येतो. तिथून गरजेनुसार नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे आणि अगदी वेगळा विषाणू वाटल्यास पुण्याला.

या साखळीचा कस २०२० मध्ये लागला. त्या वर्षीच्या जानेवारीत देशात करोनाची तपासणी फक्त पुण्याच्या संस्थेत होत होती. जूनअखेर देशभरातील प्रयोगशाळांची संख्या हजाराच्या वर गेली. हिंगोलीत एप्रिल २०२० मध्ये रुग्ण सापडू लागले. मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांपैकी अनेकांना लागण झाल्याचे आढळले. त्या सुरुवातीच्या काळात जिल्ह्यातील स्वॅब औरंगाबाद आणि नंतर नांदेडला पाठवावे लागत. रिपोर्ट येईपर्यंत माणसे विलगीकरणात आणि घरचे लोक घोर लावून बसलेले, हे अनेक कुटुंबांनी अनुभवले आहे.

हिंगोलीतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो. त्यामुळे पुढच्या काळात जास्त तपासण्या जिल्ह्यातच होतील, अशी अपेक्षा ठेवता येते.

लॅब "तयार" आहे म्हणजे काय?

तयारी म्हणजे महागडे यंत्र एवढेच नाही. घातक संसर्गाचा रुग्ण दाराशी येण्याआधी पुढील गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात.

कोण काम करणार. अशा रुग्णाचा नमुना घेणारी आणि तपासणारी माणसे मोजकी आणि प्रशिक्षित असतात. त्यांना कावीळ ब ची लस दिलेली असते. संरक्षक पोशाख घालण्याचा क्रम असतो, आणि उतरवण्याचा क्रम त्याहून महत्त्वाचा. दूषित हातमोजा नाकाला किंवा डोळ्याला लागण्याची शक्यता पोशाख उतरवतानाच जास्त असते. म्हणून दुसरी व्यक्ती समोर उभी राहून एकेक पायरी सांगते.

कोणत्या तपासण्या करायच्या. संशय मोठा असेल तेव्हा तपासण्यांची यादी मुद्दाम लहान ठेवतात. उपचार ठरवायला लागतात तेवढ्याच: मलेरिया, रक्तपेशी, साखर, क्षार, मूत्रपिंड आणि यकृताचे काम. प्रत्येक जादा नळी म्हणजे सुई टोचण्याचा एक जादा प्रसंग. "सगळ्या टेस्ट एकदाच करून टाका" असा आग्रह अशा वेळी धरू नका.

कुठे करायच्या. काही तपासण्या छोट्या यंत्रांवर रुग्णाच्या खोलीजवळच करता येतात, म्हणजे नमुना पूर्ण रुग्णालयातून फिरत नाही. लॅबमध्ये नेलाच तर आधी फोन करून कळवतात आणि बंद डब्यात हातोहात पोहोचवतात. सेंट्रीफ्यूजला झाकणबंद कप्पे असतात आणि यंत्र थांबल्यावर लगेच न उघडता थोडा वेळ थांबतात.

सांडले तर काय. प्रत्येक लॅबमध्ये गळतीचा संच हवा. सांडलेल्या जागी शोषक कागद टाकतात, त्यावर सोडियम हायपोक्लोराइटचे ताजे द्रावण ओततात, ठरलेला वेळ थांबतात आणि मगच पुसतात. सुई टोचली तर जखम दाबून रक्त न काढता साबण आणि वाहत्या पाण्याने धुतात आणि लगेच वरिष्ठांना कळवतात. एचआयव्ही टाळणारे औषध जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही.

कचरा कुठे जातो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम देशभर लागू आहेत. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. जंतू वाढवलेल्या काचा आणि लॅबचा इतर संसर्गजन्य कचरा बाहेर देण्याआधी तिथेच निर्जंतुक करावा लागतो. त्यासाठी ऑटोक्लेव्ह वापरतात; हा प्रेशर कुकरच्या तत्त्वावर चालतो आणि आतले तापमान १२१ अंश सेल्सिअसपर्यंत नेतो. तुम्ही वॉर्डात बसलेले असताना केळ्याची साल किंवा चहाचा कप पिवळ्या पिशवीत टाकू नका आणि वापरलेल्या सुईला हात लावू नका.

बाहेर कसे पाठवायचे. नमुना तीन आवरणांत जातो. आतली नळी घट्ट बंद आणि शोषक कापसात गुंडाळलेली. ती दुसऱ्या न गळणाऱ्या डब्यात. तो डबा बाहेरच्या टणक खोक्यात. स्वॅबसारखे नमुने बर्फाच्या थैल्या ठेवून २ ते ८ अंशांवर नेतात. फॉर्म दुसऱ्या डब्याच्या बाहेर असतो, म्हणजे गळती झाली तरी कागद कोरडा राहतो आणि वाचणाऱ्याचे हात सुरक्षित राहतात.

तुम्ही काय सांगायला हवे?

वर सांगितलेली सगळी तयारी सुरू होण्यासाठी कोणाला तरी आधी संशय यावा लागतो. तो यायला रुग्णाची आणि घरच्यांची माहिती लागते. इतिहासात हे वारंवार दिसले आहे.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी पिसवांचा उपद्रव वाढला आणि उंदीर मरून पडू लागले. सप्टेंबरमध्ये ताप आणि जांघेत, काखेत गाठी असलेले रुग्ण दिसू लागले आणि प्लेगचा संशय आला. मेलेले उंदीर पहिल्यांदा गावकऱ्यांनी पाहिले होते. डॉक्टर त्यानंतर आले.

२०१८ मध्ये केरळमधील कोझिकोड येथे एकाच घरातला दुसरा माणूस तशाच लक्षणांनी दाखल झाला, तेव्हा डॉक्टर सावध झाले. नमुने मणिपाल आणि पुण्याला गेले आणि निपाह असल्याचे कळले. त्या साथीत रुग्णाची सेवा करणाऱ्या एका नर्सचाही मृत्यू झाला.

२०११ मध्ये गुजरातमध्ये साणंदजवळच्या गावातील महिलेला क्रायमियन काँगो ताप झाला होता. पुण्यातील संस्थेने निदान निश्चित केले. तोपर्यंत तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स यांनाही लागण झाली आणि दोघेही दगावले. हा आजार गोचिडीतून आणि बाधित जनावराच्या रक्तातूनही होतो. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण आढळले. तोही गोचिडीतूनच होतो.

म्हणून तापाचा रुग्ण आणताना, डॉक्टरांनी विचारले नाही तरी पुढील गोष्टी स्वतःहून सांगा:

• गेल्या तीन आठवड्यांत रुग्ण कुठे गेला होता? पुणे, मुंबई, हैदराबाद, ऊसतोडीचा फड, यात्रा, परदेश, सगळे सांगा.
• घरात, शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी दुसरे कोणी तसेच आजारी आहे का? अलीकडे कोणाचा अचानक मृत्यू झाला का?
• जनावरांशी संबंध: गोचीड काढणे, आजारी जनावराची देखभाल, कत्तल, मेलेले उंदीर, कुत्रा किंवा माकड चावणे, वटवाघळांनी कुरतडलेली फळे.
• शेतात किंवा रानात काम करताना काही चावले का? अंगावर काळी खपली आहे का? काख, जांघ, कमरेचा पट्टा येथे स्वतः पाहा. स्क्रब टायफसमध्ये अशी खपली दिसू शकते. २०१८ मध्ये विदर्भात या आजाराचे बरेच रुग्ण आढळले होते.
• आधी क्षयरोगाचे औषध घेतले होते का? पूर्ण केले की मध्येच सोडले?
• एचआयव्ही किंवा कावीळ असल्याचे पूर्वी कळले आहे का?
• गावात कोणते इंजेक्शन, सलाईन किंवा गोळ्या घेतल्या? चिठ्ठ्या सोबत आणा.

यातल्या काही गोष्टी सांगायला संकोच वाटतो. लोक काय म्हणतील, वाळीत टाकतील, लग्न मोडेल, अशी भीती असते. ती खोटी नाही. पण लपवलेली माहिती आधी तुमच्याच माणसाच्या अंगावर येते, कारण उपचार चुकीच्या दिशेला जातात. त्यानंतर ती त्याची नळी उघडणाऱ्या, बहुधा तरुण आणि स्वतःच्या घरी लहान मूल असलेल्या कर्मचाऱ्याच्या अंगावर येते. सर्वांसमोर बोलायचे नसेल तर डॉक्टरांना सांगा, "मला दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे." एचआयव्हीबाबतची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि तपासणीपूर्वी संमती घेणेही. बाकी आजारांतही तुमची माहिती उपचार आणि साथ रोखणे एवढ्यापुरतीच वापरली गेली पाहिजे. तसे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. क्षयरोगाची नोंद सरकारकडे करणे २०१२ पासून सर्व डॉक्टरांना बंधनकारक आहे, पण त्याचा अर्थ गावात जाहीर करणे असा नाही.

नमुना देताना काय काळजी घ्यावी?

बेडका: सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. नुसती लाळ किंवा नाकातला शेंबूड चालत नाही. त्यामुळे आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. बेडका मोकळ्या हवेत, लोकांपासून दूर जाऊन द्या. बंद खोलीत, संडासात किंवा वॉर्डातल्या कोपऱ्यात देऊ नका. डब्याचे झाकण घट्ट लावा, डबा बाहेरून माखू देऊ नका आणि हात साबणाने धुवा. डबा घरून आणायचा असेल तर सरळ उभा, पिशवीत, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा आणा.

रक्त: हात हलवू नका. लहान मूल किंवा गोंधळलेला रुग्ण असेल तर धरायला मदत करा, पण सुईच्या बाजूला स्वतःचा हात नेऊ नका. नळीवरचे नाव आणि वय तिथल्या तिथे वाचून घ्या. नावाची चूक जेवढी साधी तेवढीच महागात पडणारी.

स्वॅब: नाकात किंवा घशात काडी घालताना खोकला, शिंक येऊ शकते. म्हणून कर्मचारी पूर्ण पोशाखात असतात आणि नातेवाइकांना बाहेर थांबवतात. हे तुमच्या रक्षणासाठी आहे.

"मीच नमुना घेऊन खासगी लॅबला जातो" असे काही जण म्हणतात. घातक संसर्गाचा संशय असेल तर हे करू नका. खिशात किंवा डिकीत ठेवलेली नळी खराब होते, फुटली तर तुम्हालाच धोका असतो, आणि समोरच्या लॅबला संशयाची कल्पना नसते.

रिपोर्टला वेळ का लागतो?

प्रत्येक तपासणीचा वेळ वेगळा असतो. मलेरियाची कार्ड टेस्ट काही मिनिटांत होते. क्षयरोगासाठी सीबीनॅट तपासणीला साधारण दोन तास लागतात आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही त्यातून कळते. ट्रूनॅट हे गोव्यातील कंपनीने तयार केलेले बॅटरीवर चालणारे यंत्र लहान दवाखान्यातही वापरता येते. जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला मात्र सहा ते आठ आठवडेही लागू शकतात, कारण क्षयरोगाचा जंतू फार सावकाश वाढतो. यंत्र कितीही चांगले असले तरी त्याची वाढ घाईने होत नाही.

आजाराचा दिवसही महत्त्वाचा. डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर अँटिबॉडीची. म्हणून ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, ते अंदाजाने न सांगता आठवून सांगा. फार लवकर घेतलेला नमुना निगेटिव्ह येऊ शकतो. संशय कायम असेल तर डॉक्टर पुन्हा नमुना मागतात. पहिला नमुना हरवला असा त्याचा अर्थ नसतो.

बाहेर पाठवलेल्या नमुन्यात प्रवासाचा वेळ वाढतो. पण उपचार रिपोर्टची वाट पाहत थांबत नाहीत. सलाईन, प्राणवायू, ताप उतरवणे सुरूच राहते. स्क्रब टायफस किंवा लेप्टोचा दाट संशय असेल तर त्यांवरचे औषध रिपोर्टआधीच सुरू करतात, कारण उशीर घातक ठरतो. विलगीकरणही संशयावरच सुरू होते. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर ते उठते. तोपर्यंत त्याला शिक्षा समजू नका.

नातेवाइकांचे काही नेहमीचे प्रश्न

लॅबशेजारच्या वॉर्डात आमचा रुग्ण आहे. त्याला लागण होईल का?
नियम पाळले जात असतील तर तशी शक्यता फारच कमी. खरा धोका गर्दीच्या, हवा न खेळणाऱ्या जागेत मास्कशिवाय खोकणाऱ्या माणसाकडून असतो. खिडक्या उघड्या ठेवा, खोकणाऱ्याला मास्क द्या आणि भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळा.

रुग्णाजवळ कोणी थांबावे?
शक्यतो एकच निरोगी प्रौढ व्यक्ती. गरोदर स्त्री, लहान मूल, मधुमेह किंवा किमोथेरपी चालू असलेली व्यक्ती नको.

घरी गेल्यावर कपडे, भांडी जाळावी लागतात का?
बहुतेक आजारांत नाही. साबण, गरम पाणी आणि ऊन पुरते. रक्त, उलटी किंवा जुलाब लागलेले कपडे कसे हाताळायचे, ते आजारानुसार रुग्णालयातून विचारून घ्या.

क्षयरोग निघाला तर?
तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून वाढवली आहे. घरातील इतरांचीही तपासणी करून घ्या. आशाताई यात मदत करतात.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

तापासोबत पुढीलपैकी काहीही असेल तर थांबू नका: धाप लागणे, शुद्ध हरपणे किंवा असंबद्ध बोलणे, झटके येणे, नाक-हिरड्यांतून किंवा संडासावाटे रक्त, लघवी अगदी कमी होणे, सतत उलट्या, अंगावर जांभळे डाग, थुंकीतून रक्त. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवताना प्रवास, गोचीड किंवा घरातील दुसरा आजारी यांची माहिती फोनवरच द्या. म्हणजे रुग्णवाहिकेतले कर्मचारी तयारीने येतात आणि रुग्णालयातही आधी कळते.

थोडक्यात लक्षात ठेवा

लॅब सुरक्षित ठेवण्यासाठी कॅबिनेट, फिल्टर आणि पोशाख लागतात. पण ते कधी वापरायचे, हे तुमच्या माहितीवरून ठरते. प्रवास, जनावरे, घरातले इतर आजारी, आधीची औषधे आणि ताप सुरू झाल्याचा दिवस, या पाच गोष्टी कागदावर लिहून सोबत न्या. नमुना जसा सांगितला तसाच द्या. रिपोर्ट उशिरा आला तर "नमुना कुठे पाठवला आहे आणि तोवर कोणते उपचार चालू आहेत?" हे शांतपणे विचारा. या प्रश्नाचे उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाची तपासणी आणि उपचार याबाबतचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.